विमा कंपनीच्या यादीतील गॅरेज आणि आपली गाडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सिग्नलला थांबलेल्या माझ्या गाडीला मागून जोराची धडक बसली. डिकी आत गेली असून मागचा एक दरवाजा नीट लागत नाही. विमा कंपनीचे प्रतिनिधी म्हणतात की गाडी आमच्या यादीतील गॅरेजमध्येच न्या. माझा नेहमीचा, पत्राकाम करणारा डेंटर पंधरा वर्षांच्या ओळखीचा आहे आणि यादीतील गॅरेज कंपनीच्या सोयीने काम उरकतात, असे ऐकून आहे. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : यादीतील गॅरेज म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. विमा कंपनी त्या गॅरेजकडे वर्षभर गाड्या पाठवत राहते आणि त्याच्या बदल्यात गॅरेज मजुरीचे ठरावीक दर, सुट्या भागांवरील सवलत आणि कामाची मुदत मान्य करते. यात आपलाही फायदा असतो. खर्चाची मोठी रक्कम आपल्याला आधी भरावी लागत नाही, इस्टिमेट लवकर मंजूर होते आणि काही कंपन्या अशा गॅरेजच्या कामाला स्वतःची हमीही देतात. त्यामुळे यादीतील गॅरेज म्हणजे वाईट काम, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र अशा गॅरेजला दोन ग्राहक असतात. एकाची गाडी असते, दुसऱ्याचे पैसे असतात. आणि गाडीवाला क्वचितच पुन्हा येतो, तर पैसे देणारा दर आठवड्याला येतो. एका गाडीमागे सरासरी किती खर्च होतो, यावर कंपनीचे लक्ष असते, हे गॅरेजवाल्याला पक्के ठाऊक असते. त्याचा परिणाम सगळ्या कामावर होत नाही. जिथे पत्रा ठोकून सरळ करावा की बदलावा असा प्रश्न पडतो, नेमका तिथे तो होतो.

आता सक्तीचा मुद्दा. याचे उत्तर प्रतिनिधीच्या बोलण्यात शोधू नये, पॉलिसीच्या कागदांत शोधावे. अनेक पॉलिसींमध्ये गाडी कुठेही दुरुस्त करून घेण्याची मुभा असते. फरक इतकाच की बिल आधी आपण भरायचे आणि नंतर कंपनीकडून परतावा घ्यायचा, आणि कंपनीने मान्य केलेल्या दरापेक्षा जास्त खर्च झाला तर वरची रक्कम आपण सोसायची. कमी हप्त्याच्या काही पॉलिसींमध्ये मात्र यादीतील गॅरेजची अट स्पष्ट लिहिलेली असते आणि तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. अट आहे की नुसता आग्रह, हे ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रतिनिधीला एक ओळीचा ई-मेल पाठवणे : ‘यादीबाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्त केल्यास माझ्या क्लेममध्ये नेमका काय फरक पडेल, ते कृपया लेखी कळवावे.’ तोंडी आग्रह धरणारी माणसे लेखी उत्तर देताना बरीच मवाळ होतात, असा अनुभव आहे.

आपल्या डेंटरविषयीही स्पष्ट लिहिणे भाग आहे. पंधरा वर्षांची ओळख मोलाची आहे, पण ती यंत्रसामग्रीची जागा घेऊ शकत नाही. हल्लीच्या गाड्यांचे पिलर, म्हणजे छप्पर पेलणारे उभे खांब, आणि दरवाजांखालचे उंबरे बहुधा तापवून दाबाखाली घडवलेल्या बोरॉन पोलादाचे असतात. त्याची ताणशक्ती सुमारे १५०० मेगापास्कल असते, म्हणजे साध्या पत्र्याच्या कित्येक पट. असे पोलाद गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केले, तर त्याची ताकद निघून जाते आणि वरून रंग दिल्यावर ते कोणालाही दिसत नाही. असा भाग, गाडी बनवणाऱ्या कंपनीने नेमून दिलेल्या जागीच कापावा आणि बदलावा लागतो. ज्या हुनरासाठी जुन्या डेंटरचे नाव होते, ते हुनर इथे घातक ठरते.

आपला दरवाजा नीट लागत नाही, ही बाब मला डिकीपेक्षा अधिक गंभीर वाटते. धडक मागून बसूनही दरवाजाची चौकट हलली असेल, तर धक्का मागच्या पिलरपर्यंत किंवा तळाच्या पत्र्यापर्यंत पोहोचला असण्याची शक्यता आहे. म्हणून दोन्ही गॅरेजना तेच तीन प्रश्न विचारावेत. गाडीचा सांगाडा बेंचवर, म्हणजे तो घट्ट धरून मोजण्याच्या चौकटीवर, चढवून मिलिमीटरमध्ये मोजण्याची सोय त्यांच्याकडे आहे का? या मॉडेलची, बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेली दुरुस्तीची पद्धत त्यांच्या हाताशी आहे का? कामाआधीची आणि कामानंतरची मापे ते छापून देतील का? ज्याच्याकडून तिन्ही प्रश्नांना होकार येईल, तिथे गाडी द्यावी. मग तो यादीतला असो वा ओळखीचा.

हा आग्रह अवाजवी वाटू नये, म्हणून अमेरिकेतील एका खटल्याचा उल्लेख करतो. २०१० सालच्या एका होंडा फिट गाडीचे गारपिटीत खराब झालेले छप्पर बदलताना गॅरेजने ते वेल्डिंगऐवजी गोंदासारख्या चिकटद्रव्याने बसवले होते. बनवणाऱ्या कंपनीची पद्धत वेल्डिंगची होती. पुढे ती गाडी एका दांपत्याने जुनी म्हणून घेतली. त्यांना या दुरुस्तीची कल्पना नव्हती, आणि अपघातात ते दोघे गंभीर जखमी झाले. २०१७ साली डॅलस येथील ज्युरीने गॅरेजला जबाबदार धरले आणि त्याच्या वाट्याला ३ कोटी १५ लाख डॉलरची भरपाई आली. दुरुस्ती कशी करावी, यावर विमा कंपनीचा दबाव होता का, हा मुद्दाही त्या प्रकरणात निघाला होता. तरी भरपाईचा बोजा पडला तो काम करणाऱ्यावरच. यादीतील गॅरेजवाला ‘कंपनीने एवढेच मंजूर केले’ असे सांगू लागला, तर ही गोष्ट त्याला नम्रपणे सांगण्यासारखी आहे.

प्रश्न : सर्व्हेअरने, म्हणजे विम्यासाठी नुकसानीची तपासणी करणाऱ्याने, गाडी पाहून इस्टिमेट मंजूर केले. चार दिवसांनी गॅरेजवाले म्हणतात की बंपर उघडल्यावर आणखी बरेच नुकसान दिसले, म्हणून नवे इस्टिमेट पाठवावे लागेल. ही फसवणूक तर नव्हे?

उत्तर : बहुधा नव्हे. पहिले इस्टिमेट बाहेरून दिसते त्याचे असते. आपण ज्याला बंपर म्हणतो ते खरे तर प्लॅस्टिकचे आवरण असते. ते धडकेनंतर पुन्हा मूळ आकारात येते आणि पाहणाऱ्याला चकवते. त्याच्या आड फोमचा थर, धक्का झेलणारा धातूचा आडवा बीम, रेडिएटरचा आधार, एसीचा कंडेन्सर आणि सेन्सर असतात. ते उघडल्याशिवाय दिसत नाहीत, त्यामुळे पुरवणी इस्टिमेट ही या व्यवसायातील नित्याची बाब आहे. उलट, मोठ्या धडकेनंतर पुरवणी इस्टिमेट आलेच नाही, तर आत कोणी नीट पाहिले का, अशी शंका मला येईल.

काळजी घ्यायची ती क्रमाची. भाग उघडल्यावर आणि काम सुरू होण्यापूर्वी सर्व्हेअरने गाडी पुन्हा पाहिली पाहिजे, किंवा निदान फोटो मागवून लेखी मंजुरी दिली पाहिजे. काम आधी करून मंजुरी नंतर मागितली आणि ती नाकारली गेली, तर बिल आपल्या दारात येते. काढलेले जुने भाग तोवर टाकून देऊ नका, असेही गॅरेजला सांगून ठेवावे. पुरवण्या जोडत जोडत खर्च गाडीच्या विमा-मूल्याजवळ, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या तिच्या किमतीजवळ, पोहोचला, तर कंपनी दुरुस्ती थांबवून टोटल लॉसचा, म्हणजे गाडी पूर्ण गेली असे धरून भरपाई देण्याचा, प्रस्ताव ठेवू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

नव्या इस्टिमेटमध्ये प्रत्येक भागासमोर तो मूळ कंपनीचा आहे, पर्यायी बनावटीचा आहे की जुन्या गाडीतून काढलेला आहे, हे लिहून घ्यावे. आरशाच्या टोपणासाठी पर्यायी भाग चालून जाईल. एअरबॅग आणि सीटबेल्टचा पट्टा क्षणात आवळणारी यंत्रणा मात्र एकदाच उडणाऱ्या स्फोटक दारूवर चालते. ती उडाली की नवीच बसवावी लागते आणि तिथे तडजोड मान्य करू नये.

प्रश्न : गाडी दुरुस्त होऊन आली आहे. दरवाजाचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित वेगळा वाटतो, स्टिअरिंग डावीकडे ओढते. गॅरेजवाले म्हणतात, ‘ताई, आधी समाधानपत्रावर सही करा, बाकीचे नंतर पाहू.’ सही करावी का?

उत्तर : करू नये. त्या सहीवर कंपनी गॅरेजला पैसे देते आणि पैसे मिळाल्यावर ‘नंतर’ लांबत जाते. गाडी वापरण्यासाठी न्यावीच लागणार असेल, तर त्याच कागदावर तारीख घालून दोषांची यादी लिहावी, ‘वरील दोष दूर झालेले नाहीत’ असे स्पष्ट नोंदवून मगच सही करावी आणि कागदाची प्रत विमा कंपनीलाही पाठवावी. गॅरेज कंपनीच्या यादीतील असेल, तर त्याच्या कामाबद्दल जाब विचारण्याची पहिली जागा कंपनीच आहे.

स्टिअरिंगसाठी चारही चाकांच्या अलाइनमेंटचा छापील अहवाल मागावा. अलाइनमेंट करूनही गाडी ओढत असेल, तर सस्पेन्शनचा एखादा भाग वाकलेला आहे किंवा सांगाड्याचे माप चुकले आहे, असे समजून गाडी परत बेंचवर चढवायला लावावी.

रंग दिवसाच्या उजेडात, निरनिराळ्या कोनांतून पाहावा. गॅरेजच्या दिव्यांखाली सगळेच जुळते. कारखान्यात रंग भाजताना सुमारे १४० अंश सेल्सिअस तापमान असते, कारण तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्रा असतो. गॅरेजच्या बूथमध्ये प्लॅस्टिक आणि वायरिंगसह गाडी उभी असल्यामुळे ६० अंशांच्या आसपास थांबावे लागते, म्हणून तिथे हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे रसायन, मिसळलेला वेगळा रंग वापरतात. त्यातच मेटॅलिक रंगातील चकाकीचे कण स्प्रेच्या दाबानुसार वेगवेगळे बसतात. म्हणूनच कुशल पेंटर नवा रंग शेजारच्या पत्र्यावर विरळ करत नेतो. ते न केल्यास फरक दिसतो, आणि ते करून मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळाले तर तेही फिरवून पाहावे. कारखान्यातील रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. आकडा हजाराच्या घरात गेला, तर रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे, असे समजावे.

आपण लिहिलेली नाही, पण विचारायलाच हवी अशी एक गोष्ट : पुढच्या काचेमागे कॅमेरा किंवा बंपरमागे रडार असलेली गाडी असेल, तर काच बदलल्यावर किंवा बंपर काढल्यावर त्यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची दिशा अचूक जुळवणे, करावे लागते. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे होत नाही. थोडा तिरका बसलेला रडार दिवा न लावताही चुकीच्या दिशेला पाहत राहतो. रडारसमोरच्या बंपरवर पुट्टीचा किंवा रंगाचा जाड थर चढला, तरी त्याची नजर अधू होते. म्हणून गाडीतील संगणक तपासणाऱ्या, दुरुस्तीआधीच्या आणि नंतरच्या स्कॅनचे अहवाल आणि कॅलिब्रेशनची नोंद, हे कागद बिलासोबत घ्यावेत.

प्रश्न : क्लेममध्ये मला भरावी लागणारी रक्कम बिलात ‘जुळवून’ देतो, तुम्ही काळजी करू नका, असे गॅरेजमालक म्हणतात. यात काही गैर आहे का?

उत्तर : आहे. न केलेले काम बिलात दाखवल्याशिवाय ती रक्कम जुळत नाही, आणि क्लेमच्या कागदावर सही गॅरेजमालकाची नसते, आपली असते. प्रकरण उघडकीस आले तर पूर्ण क्लेम फेटाळला जाऊ शकतो. जिथे कंपनी असे बिल मान्य करत नाही, तिथे ती रक्कम आपल्याच गाडीच्या कामातून, एखादा भाग न बदलता, वसूल होते. एकरकमी भरणे जड जात असेल, तर मालकाला दोन-तीन हप्ते बांधून मागावेत. तो व्यवहार आपल्या दोघांतला आहे आणि त्यासाठी बिलाला हात लावावा लागत नाही.