मराठीत क्रिप्टिक शब्दकोड्याचे संकेत रचता येतात का?

होय, उत्तर शब्दखेळात दडवणारे असे संकेत निश्चित रचता येतात. मात्र शब्दखेळाचे एकक म्हणून काना-मात्रेसह पूर्ण अक्षर धरावे, कारण मराठी कोड्याच्या एका घरात तेच बसते. साताऱ्यातील वाचकमित्रांसाठी मी अशी कोडी रचतो, त्या अनुभवावरून नवशिक्याला दोन प्रकार सुचवेन (कंसातील आकडा म्हणजे उत्तरातील अक्षरसंख्या).

‘शेवट गाळता वाईट, उरते कृष्णाकाठचे गाव (2)’ या संकेतात ‘वाईट’मधील अंत्याक्षर गेले की ‘वाई’ मिळते. ‘बकरा डरला, त्यात दडले प्रीतिसंगमाचे गाव (3)’ येथे पहिल्या दोन शब्दांच्या सांध्यावर ‘कराड’ सलग लिहिलेलेच आहे, आणि वाक्य सहज वाचले जात असल्यामुळे ते चटकन दिसत नाही. मला हा प्रकार सर्वांत देखणा वाटतो. सोडवताना आधी व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ सांगणारा भाग, शोधावी. ती बहुधा संकेताच्या आरंभी किंवा शेवटी असते, आणि उरलेला भाग उत्तर घडवण्याची कृती सांगतो.

अक्षरांची उलटापालट मात्र जपून वापरावी, कारण वेलांट्या-मात्रा अक्षरांना चिकटलेल्या असल्याने जुळणारे शब्द थोडेच सापडतात, आणि त्या सुट्या करून दुसऱ्या अक्षरांना लावल्यास, तशी स्पष्ट सूचना नसेल तर, सोडवणाऱ्यावर अन्याय होतो.