जळगाव मध्य रेल्वेत, मग अमळनेर-नंदुरबार पश्चिम रेल्वेत का?

कारण हे रूळ दोन वेगळ्या कंपन्यांच्या वारशात आलेत. चाळीसगाव-जळगाव-भुसावळ हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा, म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी सोडणाऱ्या कंपनीचा. सुरतेकडून नंदुरबार, दोंडाईचामार्गे अमळनेरला येणारा मार्ग मात्र १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे या खाजगी कंपनीने उभारला आणि त्यावर गाड्या चालवायची बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) कंपनी. तिचा सगळा कारभार मुंबई-सुरत-बडोद्याकडचा.

५ नोव्हेंबर १९५१ ला प्रामुख्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुलातून मध्य रेल्वे आणि बी.बी. अँड सी.आय.मधून पश्चिम रेल्वे झाली. नकाशा नव्याने आखला नाही, जुन्या हद्दी जवळपास तशाच राहिल्या. म्हणून खान्देश एकच, पण रेल्वेसाठी दोन भागांत.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा: भारतीय रेल्वे ही कंपनी नाही, केंद्र सरकारचं खातं आहे. वर रेल्वे बोर्ड (१९०५ पासून), खाली मध्य, पश्चिम असे झोन, झोनखाली विभाग आणि विभागाचा प्रमुख डीआरएम, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापक.

याचा रोजच्या कामाशी थेट संबंध आहे. धुळे-चाळीसगाव गाडीचं निवेदन भुसावळच्या डीआरएमकडे द्यायचं. अमळनेर, नंदुरबारच्या थांब्याचं मुंबई सेंट्रलच्या. आपल्याकडे प्रवासी संघटना खरोखर तळमळीने धडपडतात, त्यांचा अर्ज चुकीच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहू नये. भुसावळ कितीही जवळ असलं तरी अमळनेरचा निर्णय तिथे होत नाही.