वाचकांचे प्रश्न : देव, मुंजा आणि बागुलबुवा

श्रद्धेबद्दलची पत्रं या वेळी बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून पाच निवडले आहेत.

प्रश्न : मी दर मंगळवारी प्रभादेवीला सिद्धिविनायकाला जातो. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, ‘बाबा, पिंपळावरच्या मुंज्याला हसता आणि गणपतीला हात जोडता. पुरावा दोघांचा सारखाच!’ त्याला काय सांगावं?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : पुराव्यापुरता मुलगा बरोबर आहे, हे आधी मान्य करून टाका. ‘एवढे लोक रांगेत उभे राहतात ते काय वेडे?’ हा पुरावा नव्हे. ‘मला प्रचिती आली’ हाही कच्चाच, कारण नवसाची नोंद एकतर्फी होते. ज्याचा फळला तो फेडायला येतो, चार जणांना सांगतो. ज्याचा फळला नाही तो गप्प बसतो आणि त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही. मुंज्याच्या गोष्टीही अशाच टिकतात. रात्री पिंपळाखालून गेल्यावर ज्याला ताप भरला त्याची गोष्ट होते, बाकीचे नुसते घरी जाऊन झोपतात.

‘नाही हे सिद्ध करून दाखव’ असं मात्र त्याला म्हणू नका. बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाने १९५२ साली याच पवित्र्याला उत्तर दिलं होतं : पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये एक चहाची किटली सूर्याभोवती फिरते आहे, दुर्बिणीलाही दिसणार नाही इतकी लहान, असं मी म्हटलं तर ते कुणालाच खोडता येणार नाही; पण म्हणून ते मानायचं कारणही नाही. या मुद्द्यावर तुम्ही हराल.

मुलगा घसरतो तो पुढे. पुरावा सारखा, म्हणजे विश्वासही एकाच जातीचा, असं होत नाही. जस्टिन बॅरेट या मानसशास्त्रज्ञाने २००८ मध्ये सांताक्लॉज देव का होत नाही याचा विचार करताना पाच अटी मांडल्या. तो थोडा साच्याबाहेरचा हवा. त्याला स्वतःचं मन आणि हेतू हवेत. माणसांच्या आतल्या गोष्टी त्याला ठाऊक हव्यात, म्हणजे कोण खोटं बोललं, कुणी शब्द मोडला. जगात त्याचा हात दिसतो असं लोकांना वाटायला हवं. आणि त्याच्यासाठी लोकांनी असं काही करायला हवं की त्यातून विश्वास आणखी पक्का होईल.

आता मुंजा घ्या. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी, म्हणजे मुंजीचं ब्रह्मचर्य संपायच्या आत गेला, असा हा मुलगा. पहिल्या दोन अटी तो सहज पार करतो. चौथीही, दगड मारतो म्हणतात. तिसरीत अडकतो : पिंपळाखाली कोण लघवीला बसलं एवढंच त्याला कळतं, तुमच्या भावाने जमिनीचे कागद बदलले ते नाही. आणि पाचवीत तो पडतोच, कारण मुंज्यासाठी लोक बहुधा काही करत नाहीत, फक्त टाळतात. टाळण्याला वार नसतो, नैवेद्य नसतो, पुजारी नसतो, म्हणून ते पुढच्या पिढीला शिकवलंही जात नाही. पिंपळाखाली वडापावची गाडी लागली, रात्री दोनपर्यंत दिवा जळू लागला, की मुंज्याला जागा उरत नाही. सिद्धिविनायकाकडे १८०१ पासूनचं देऊळ आहे, मंगळवार आहे, अंगारकी आहे, १९८० चा स्वतंत्र कायदा आहे. प्रतिष्ठापना झालेली मूर्ती कायद्याने ‘व्यक्ती’ धरली जाते, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९२५ च्या एका बंगाली खटल्यात स्पष्ट केलं. देवाच्या नावावर जमीन असते, त्याच्या वतीने दावा लावता येतो. मुंज्याच्या नावावर सहसा पिंपळाचा पारसुद्धा नसतो! यातून गणपती आहे हे सिद्ध होत नाही. दोन विश्वास वेगळ्या रीतीने जगतात, एवढंच कळतं.

बापलेकांचा वाद बहुधा बिघडतो तो एकाच जागी. आपण कुठल्या देवाची बाजू घेतोय हे आधी ठरवा. विश्वाचं अधिष्ठान असलेला ईश्वर मुंज्यासारखा जगातला एक रहिवासी नाही. त्याच्यावर कॅमेरा लावून काही होणार नाही. त्याचा वाद वेगळा आणि जुना आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, कार्यावरून कर्ता सिद्ध करू पाहतात, तर मीमांसादर्शनाचे मीमांसक वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता नाकारतात. मात्र मुलाला नोकरी लावणारा, परीक्षेत पास करणारा देव जगात हात घालतो, म्हणजे त्याच्या कामाचा हिशेब मागता येतो. नवस या देवाला बोलायचा आणि वादात अडचण आली की त्या देवामागे लपायचं, हे पोरांच्या लगेच लक्षात येतं.

प्रश्न : आमचं कुलदैवत आरवलीचा वेतोबा. ऑफिसातले मित्र ‘विक्रम-वेताळातल्या भुताची पूजा करता’ म्हणून चिडवतात. वेताळ भूत की देव?
— एक वाचक, परळ

उत्तर : गोष्टीतला वेताळ प्रेतात शिरतो आणि कोडी घालतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा गावाचा रखवालदार आहे. नाव एक, पण नातं उलटं : पहिल्याला पाहून माणूस पळतो, दुसऱ्याकडे गाऱ्हाणं घेऊन जातो.

मघाची पाचवी अट इथे डोळ्यांनी दिसते. वेतोबाला नवसाचे केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, माणसाच्या पायाला कधीच होणार नाहीत अशा मापाच्या. तो रात्री गावाच्या शिवेवर फिरतो आणि त्याने वहाणा झिजतात, अशी समजूत. वहाणा बांधायला चांभार लागतो, त्याला पैसे मोजावे लागतात, त्या उचलून देवळात न्याव्या लागतात. ज्याच्यासाठी खर्च होतो, ज्याची पाळी आणि मान ठरतात, तो नुसत्या गोष्टीतला उरत नाही. कोकणी गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या रीतीत, हे पदोपदी दिसतं. गाऱ्हाणं घालणारा ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो तेव्हा मोठ्या देवांबरोबर शिवेवरच्या राखणदारालाही हाक जाते, आणि भोवतीचे सगळे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. भूत आणि देव यांच्यामध्ये तिकडे भिंत नाही. ज्याला जागा, वार आणि मानकरी मिळाला तो देव. ज्याला नाही मिळाला तो अजून वाटेवर उभा.

मित्रांना विचारा, विक्रम-वेताळातल्या वेताळाला त्यांनी शेवटचं केळं कधी वाहिलं?

प्रश्न : चार वर्षांच्या नातीला जेवताना बागुलबुवाची भीती घालत होतो. आता ती विचारते, ‘बाप्पा पण बागुलबुवासारखा खोटा आहे का?’
— आजी, गिरगाव

उत्तर : मुलं ऐकतात त्यापेक्षा पाहतात जास्त. बागुलबुवाचं नाव घेऊन तुम्ही स्वतः बिनधास्त अंधाऱ्या खोलीत जाता. ते तिने पाहिलं आहे. बाप्पापुढे मात्र घरातली मोठी माणसंही हात जोडतात, पहाटे उठून दूर्वा निवडतात. बोलणारा स्वतः त्यासाठी झीज सोसतो का, यावरून ऐकणारा विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतो, असं जोसेफ हेन्रिक या संशोधकाने २००९ मध्ये मांडलं आहे.

दुसरी एक गंमत मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात आहे. लहान मुलांना देवापेक्षा जंतूंची खात्री अधिक असते, दोन्ही दिसत नसले तरी. एक संभाव्य कारण असं की ‘माझा जंतूंवर विश्वास आहे’ असं घरात कुणी म्हणत नाही, नुसतं ‘हात धू’ म्हणतात. जिथे मोठे ‘विश्वास’ बोलून दाखवतात तिथे शंकेला जागा आहे, हे मुलांना कळतं.

करायचं एवढंच : बागुलबुवा गोष्टीतला होता हे सरळ सांगा. आणि त्याची रिकामी जागा बाप्पाला देऊ नका. ‘भात संपव, नाहीतर बाप्पा रागावेल’ हे वाक्य बाप्पाला बागुलबुवा करतं. मग सात-आठ वर्षांची झाली की ती दोघांना एकदमच सोडून देईल. तुमचा स्वतःचा विश्वास असेल तर ‘मी मानते, काही जण मानत नाहीत’ म्हणा. चार वर्षांच्या पोरीला तेवढं पेलतं.

प्रश्न : चाळीत शेजारच्या मुलीला झटके येतात. ‘हडळ लागली’ म्हणून मांत्रिक बोलावतात, मिरचीची धुरी देतात, छडीने मारतात. घरचे म्हणतात, हा आमच्या धर्माचा प्रश्न. तक्रार करता येते का?
— नाव नको, विक्रोळी

उत्तर : येते, आणि आजच करा. डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेला जादूटोणाविरोधी कायदा हडळ आहे की नाही हे विचारतच नाही. तिच्या नावाने काय केलं ते विचारतो. भूत उतरवण्याच्या निमित्ताने दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारहाण, मिरचीची धुरी, चटके हे सगळं त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. घरची पूजा, भजन, कीर्तन, यात्रा यांना हा कायदा हात लावत नाही, त्यामुळे ‘धर्माचा प्रश्न’ हे उत्तर चालत नाही.

तक्रार फसते ती लिहिण्यात. ‘ते लोक अंधश्रद्धा पाळतात’ असं लिहिलंत तर पोलीस समजूत घालून परत पाठवतील. कृती लिहा : कुठल्या तारखेला, किती वाजता, कशाने मारलं, धुरी कशी दिली, कोण कोण हजर होतं. मारहाण चालू असेल तर आधी ११२ ला फोन. ठाण्यात २०१३ च्या कायद्याचं कलम ३ लावायला सांगा आणि या कायद्याखालचा दक्षता अधिकारी कोण ते विचारा. झटक्यांसाठी मुलीला केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयात न्यायला हवं. अपस्मारावर, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर, रोज घ्यायची औषधं आहेत. झटका आला असेल तेव्हा तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालू नका. कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट रुग्णालय.

प्रश्न : देवीचा रोग गेला, मग माहीमच्या शीतलादेवीला लोक अजून का जातात?
— एक वाचक, दादर

उत्तर : भारतातला शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ चा, आणि जग देवीमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ८ मे १९८० रोजी जाहीर केलं. पण शीतला ही नुसतं रोगाचं कारण नव्हती. तिच्याकडे देऊळ होतं, सप्तमी होती, चूल न पेटवता आदल्या दिवशीचं खायचा नेम होता. रोग गेल्यावर हे सगळं उरलं, आणि गोवर-कांजिण्यांचं गाऱ्हाणंही तिच्याकडेच येत राहिलं. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायला आमची हरकत नाही. गोवर-रुबेलाच्या लशीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत पडला आहे ना, ते बाळाच्या कार्डावर पाहून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात ही लस फुकट मिळते.