ट्रकच्या कमानपाट्यापासून टॅक्टिकल नाइफ बनवलाय, बफ मशीनवर मिरर पॉलिश कसं करायचं?

करू नका. टॅक्टिकल चाकूला चकाकी नकोच असते, आणि तुम्ही म्हणताय तसं डायरेक्ट बफवर (जोरात फिरणाऱ्या कापडी चाकावर) धरलंत तर पात्याचं पाणी, म्हणजे तापवून-बुडवून दिलेला कडकपणा, उतरेल.

मी बडोद्याचा. आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही म्हणून सविस्तर लिहितोय. आजोबा कलाभवनात शिकलेले, सयाजीरावांनी १८९० साली काढलं ते, त्यामुळे कानस कशी चालवायची हे मला शाळेत असतानाच माहीत होतं. माझा चाकूही कमानपाट्याचाच, फुल टँग (पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध), पातं पाच इंच. पाणी द्यायच्या आधी धारेकडची कड दीड मिलिमीटर जाड ठेवली (त्याहून पातळ केली की वाकते नाहीतर तडकते), तीनदा नॉर्मलाइज केलं (तापवून हवेत आपोआप थंड होऊ दिलं), मग चुंबक चिकटेनासं झालं म्हणजे ७७० अंश, त्याच्या वर अजून थोडं तापवून कोमट तेलात बुडवलं. कानस नुसती घसरत होती पात्यावर, इतकं कडक झालं! लगेच ओटीजीत २०० वर दोन-दोन तास, दोनदा टेम्पर, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून हलकं तापवणं. नंतर हाताने घासणं, १२० नंबरच्या सँडपेपरपासून ६०० पर्यंत, दर नंबरला दिशा बदलायची म्हणजे आधीचे चरे उठून दिसतात आणि ते सगळे गेल्याशिवाय पुढचा पेपर घ्यायचा नाही. खरी मेहनत इथेच आहे.

मूठ बसवायची बाकी होती आणि भाऊजी आले. ताईचे मिस्टर, वयाने मोठे. म्हणाले, "हे काय मळकट ठेवलंयस, जरा चमक आण की." मी नको म्हटलं. तरी मी ऑफिसला गेल्यावर पातं उचलून मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुणा ओळखीच्या बफिंगवाल्याकडे घेऊन गेले. परत आलं तेव्हा चमकत होतं खरं, पण टोकाकडचा भाग निळा, आणि ग्राइंडच्या (पात्याला दिलेल्या उताराच्या) सगळ्या धारदार रेषा गोल झालेल्या. निळा रंग म्हणजे पोलाद तिथे ३०० अंशांच्या आसपास गेलं, मग आपण २०० ला केलेल्या टेम्परला अर्थ काय राहिला? तेवढं टोक मऊ पडलं. भाऊजी आजही म्हणतात की रंगच तर आहे, घासून काढ. अहो, रंग वरच्या ऑक्साइडचा असतो, तो घासून जाईल, पण आतला कडकपणा परत कुठून येणार? सगळं पातं पुन्हा तापवून पाणी द्यावं लागलं मला.

तर ६०० च्या पेपरवर थांबा. सर्किट बोर्डासाठी फेरिक क्लोराइड मिळतं ते पाण्यात पातळ करा (भांडं प्लास्टिकचं, हातमोजे घाला), पातं ॲसिटोनने पुसून काही मिनिटं बुडवा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, तेल लावा. मस्त करडा काळपट रंग येतो आणि उन्हात चमकत नाही.

मिररच हवं असेल तर हाताने २००० पर्यंत जा आणि बफ फक्त शेवटी, धार कधीच चाकाच्या फिरण्यासमोर धरायची नाही कारण बफ चाकू हिसकावून फेकतो, आणि बोटाला गरम लागलं की लगेच पाण्यात. एक खरं, गुळगुळीत पात्यावर गंज कमी धरतो, कमानपाटा काही स्टेनलेस नाही, पावसाळ्यात फरक पडतो.

अजून एक, पाटा जुना असेल तर कापायच्या आधी बारीक तडे बघून घ्या. आणि पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद करू नका, घरकामाचं किंवा शेतीचं नसेल तर ते शस्त्र नियमांच्या यादीत येतं. त्याहून लहान असलं तरी खिशात घालून फिरू नका, बऱ्याच शहरांत पोलिसांचे बंदी हुकूम असतात.

आणि घरातलं कुणी "दे, मी बफ मारून आणतो" म्हणालं तर मोठं माणूस असलं तरी तोंडावर नाही म्हणा.