पेरुजातल्या पाच रात्री आणि पाच लाखांचं खातं

प्रश्न: मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका. आम्ही दोघं सांगलीला असतो. मुलगी इटलीत पेरुजाला इटालियन शिकते आहे. येत्या सप्टेंबरच्या अखेरीस तिचा अभ्यासक्रम संपतोय, तेव्हा पाच रात्रींसाठी तिच्याकडे जाणार आहोत. तिकिटांची आणि बाकीच्या खर्चाची सोय झाली आहे. तिच्या रोजच्या वाटेवर ब्रुफानी पॅलेस हे जुनं हॉटेल आहे, तिथे राहायची माझी फार इच्छा आहे. आम्हाला सांगितलेला दर रात्रीला ३०० युरो. स्टेशनजवळचं साधं गेस्टहाउस १०० युरोत मिळतं. सोळा महिन्यांपूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ५ लाखांचं खातं उघडलं आहे, ते मोडू का? घरखर्च पेन्शनमध्ये भागतो.

उत्तर: ताई, खातं मोडू नका. आणि ब्रुफानीत जरूर राहा, फक्त पाचऐवजी दोन रात्री.

आधी खात्याचं बघू. या योजनेत लागेल तेवढीच रक्कम काढून बाकीची ठेवता येत नाही, अख्खं खातंच बंद करावं लागतं. एक वर्ष झालंय पण दोन पूर्ण नाहीत, म्हणून मुद्दलातून दीड टक्का कापतील. ५ लाखांवर ते ७,५०० रुपये होतात. गरज आहे लाखभराची आणि त्यासाठी पाच लाखांची घडी विस्कटायची, हे मला पटत नाही. शिवाय हातात आलेले उरलेले चार लाख हां हां म्हणता कुठेकुठे जातात, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

हेच खातं तुम्हाला ८.२ टक्क्यांनी वर्षाला ४१,००० रुपये देतं, म्हणजे दर तिमाहीला १०,२५०. जानेवारी, एप्रिल आणि जुलै असे तीन हप्ते प्रवासाआधी येतील. त्यांचे झाले ३०,७५० रुपये.

आता हॉटेलकडे वळू. युरो १०५ रुपये धरते. पाचही रात्री ब्रुफानीत काढल्या तर १,५०० युरो, गेस्टहाउसमध्ये ५००. फरक १,०५,००० रुपयांचा. तीन रात्री गेस्टहाउस आणि शेवटच्या दोन ब्रुफानी केल्या, तर जादा खर्च ४०० युरो, म्हणजे ४२,००० रुपये. त्यातले ३०,७५० व्याजातून आले. उरले ११,२५०. नऊ महिने पेन्शनमधून १,२५० बाजूला टाका, झालं. खात्याच्या मुद्दलाला हात लागत नाही.

दोनच रात्री का, ते सांगते. तिथे नेमके कशाचे पैसे मोजतो हे नीट पाहायला हवं. देखाव्याचे मोजू नका. हॉटेलला लागूनच कार्दुच्ची बाग आहे, ती सगळ्यांना खुली आहे. कठड्याशी उभं राहिलं की खाली उंब्रिया प्रांताचं खोरं आणि समोर लांबवर असिसी गाव दिसतं. ते पाचही संध्याकाळी फुकट बघा, लेकीबरोबर.

पैसे आहेत ते त्या वास्तूत मुक्काम करण्याचे. १८८४ पासूनचं हॉटेल आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीच्या रोमवरच्या मोर्चाची सूत्रं त्याच्या चार साथीदारांनी इथूनच हलवली, इतिहासातलं हे काळं पानही या इमारतीचंच आहे. आणि ज्या जागेवर ती उभी आहे, तिथे पेरुजा आणि पोप यांच्यात मिठाच्या करावरून झालेल्या लढाईनंतर १५४० मध्ये पोप पॉल तिसरा याने रोक्का पाओलिना हा किल्ला बांधायला घेतला. त्याने बंडखोर बाल्योनी घराण्याची घरं आणि गल्ल्या किल्ल्याच्या पोटात गाडून टाकल्या. आज त्या गल्ल्यांतून सरकते जिने जातात. खाली पार्तिजानी चौकातल्या बसस्टँडवरून जिन्यावर उभं राहायचं, दोन्ही बाजूंना विटांच्या कमानी, बुजलेल्या खिडक्या, दारं मागे पडत जातात आणि डोक्यावर उजेड दिसला की आपण इटालिया चौकात, हॉटेलच्या दाराशी. तिकीट लागत नाही. डोंगरावरच्या गावात गुडघ्यांना याचं मोल किती, ते तुम्हाला सांगायला नको.

हे सगळं अनुभवायला दोन रात्री आणि दोन सकाळी पुरतात. उशिरा न्याहारी करावी, दुपारी लेकीला खोलीवर बोलवावं, घाई करू नये. पहिले तीन दिवस तसेही असिसी, फोन्ताना माज्जोरे हे जुनं कारंजं आणि तिचं विद्यापीठ बघण्यात जातील. तेव्हा खोली फक्त झोपण्यापुरती. गेस्टहाउस स्टेशनजवळ असलं तरी चिंता नाही, तिथून मिनीमेट्रो ही छोटी रेल्वे वर गावात आणून सोडते.

मुलीलाही दोन रात्री तिथेच ठेवायचं असेल तर आरक्षण करतानाच तिघांची खोली मागा. इटलीत प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, त्यामुळे ऐनवेळी ‘ही आमच्याबरोबरच राहील’ चालत नाही. शहराचा मुक्काम-करही माणशी, रात्रीमागे वेगळा भरावा लागतो.

आणि एक कळकळीची विनंती. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच आरक्षण घ्या, थोडं महाग पडलं तरी. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने पंधरा टक्के वाचवायला परत न मिळणारा दर घेतला, व्हिसाला उशीर झाला आणि सगळे पैसे बुडाले. त्या काकांचा चेहरा मला अजून आठवतो. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचं शुल्क प्रत्येकी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. हे ‘बाकीच्या खर्चात’ धरलंय ना, एकदा बघा.

बिल भरताना मशीन ‘रुपयांत की युरोत’ असं विचारेल. युरोच निवडा, रुपयांचा दर तुमच्या तोट्याचा असतो. तुमच्या क्रेडिट कार्डावर परकी चलनाचं शुल्क साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी असेल, तर ब्रुफानीच्या ६०० युरोंवरच सुमारे २,६०० रुपये जातील. बँकेत आधीच विचारा, आधीच युरो भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड बहुधा स्वस्त पडेल.

दोन रात्री आठवड्याच्या मधल्या धरा, शनिवार-रविवार टाळा. आणि जानेवारीचा हप्ता जमा झाला, की तो त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका.