ऑप्टिप्लेक्स ७०१० घेण्याआधी हे वाच

अरे, वाशीला जाऊन सेकंडहँड ऑप्टिप्लेक्स ७०१० (डेलचा २०१२चा डेस्कटॉप कॉम्प्युटर) घ्यायचा विचार चांगलाय, पण स्मॉल फॉर्म फॅक्टरवाला, म्हणजे छोट्या बारीक डब्याचा असेल तर गेमिंगचा बेत आवरता घे. त्यात फक्त लो-प्रोफाइल म्हणजे अर्ध्या उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसतं आणि पॉवर सप्लाय २४० वॅटचा, कार्डला लावायची वेगळी सहा पिनची वायरच नसते, मग मदरबोर्डच्या ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं त्याच्याच पॉवरवर जे चालेल ते. एनव्हिडियाचं जीटी १०३० कार्ड बिनधास्त टाक, ३० वॅटच खातं, पण जीडीडीआर५ मेमरीवालंच घे, डीडीआर४वालं खूप स्लो आहे. आणि सोबत कार्ड डब्याला अडकवायची छोटी पट्टी (ब्रॅकेट) आहे ना हे दुकानातच बघ, उंच पट्टी असली तर झाकणच लागत नाही!

एनव्हीएमईवरून (नव्या, जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीवरून) हा कॉम्प्युटर सरळ बूट होत नाही, साधा साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच वायरवर चालणारा) लाव, हार्ड डिस्कपेक्षा मशीन कितीतरी पळतं. रॅम डीडीआर३ प्रकारचीच लागते.

विंडोज ११ ला इंटेल प्रोसेसरची किमान आठवी पिढी लागते, यात तिसरीपर्यंतच बसते, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्यामुळे लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाक. तुझ्याकडे घोडबंदरला धूळ फार, घरी आणल्यावर फॅन साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला मदत करणारा लेप) नवीन लावच.