कोरहाचं बंड वाचताना घाई करू नकोस
बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 16वा अध्याय, म्हणजे इस्राएली लोकांचे पुढारी मोशे आणि अहरोन यांच्याविरुद्ध कोरह उठतो ती गोष्ट, पहिल्यांदाच वाचतोयस ना? मग 22व्या वचनावर थांब. जमीन दुभंगली, 250 जण आगीत गेले, हे लक्षात राहतंच. पण त्याआधी मोशे आणि अहरोन पालथे पडून देवालाच विचारतात, पाप एकाचं, मग राग सगळ्या मंडळीवर का? माझ्या मते अध्यायाचा जीव तिथे आहे. दुसऱ्याच दिवशी लोक पुन्हा कुरकुरतात, मरी येते, 14,700 दगावतात. अहरोन धुपाटणं घेऊन मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या मध्ये उभा राहतो. मग याच पुस्तकातलं 26:11 उघड. कोरहाची मुलं मेली नाहीत, एवढंच तिथे लिहिलंय. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. कोरहाच्या मुलांच्या नावावर स्तोत्रं आहेत, 42वं काढून बघ. यहेज्केल 18, जिथे ज्याचं पाप त्यालाच शिक्षा असं म्हटलंय, तो अध्याय मात्र नंतर वाच. आधी ही अस्वस्थता मनात मुरू दे.